उन्हातलं पांढरं धोतर : फिल्मवरून डिजिटलकडे येताना

फिल्मवर काम करताना फोटोचे निम्मे निर्णय दुकानाच्या काउंटरवरच होऊन जायचे. ट्राय-एक्स ही फिल्म मागितली की फोटो कृष्णधवल, वेग (प्रकाशाला चटकन प्रतिसाद द्यायची क्षमता) ४००, ग्रेन म्हणजे फोटोतले कण ठसठशीत. व्हेल्विया ही स्लाइड फिल्म मागितली की वेग ५०, हिरवा आणि लाल गडद, आणि एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फिल्मला द्यायच्या प्रकाशात, अर्ध्या स्टॉपचीही हयगय चालणार नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रोल एकदा कॅमेऱ्यात बसला की पुढची ३६ चित्रं त्याच स्वभावाची निघणार हे ठरलेलं असायचं. आपण फ्रेम, प्रकाश आणि क्षण बघायचा. डिजिटल कॅमेरा हातात आला आणि दुकानात होणारे ते सगळे निर्णय माझ्या अंगावर आले, तेही दर फोटोला. मला सवय करून घ्यावी लागली ती याची. बटणं, चक्रं, मेनू हे हाताला लवकर कळतं. पांढरं कुठपर्यंत जाऊ द्यायचं, अंधार किती उजळायचा, दिव्याचा पिवळेपणा ठेवायचा की काढायचा, हे डोक्यात मुरायला वेळ लागतो.

माझा जुना कॅमेरा निकॉनचा एफएम२. १९८२ साली आलेलं हे मॉडेल पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. ती संपली तरी सगळे शटर स्पीड चालतात. व्ह्यूफाइंडरमध्ये अधिक, शून्य, उणे अशी तीन लाल चिन्हं आणि मधोमध फोकससाठी दुभंगलेलं वर्तुळ. त्याच्यासोबत २८, ५० आणि १०५ मिलिमीटरच्या तीन लेन्स. एवढ्या सामानावर मी बरीच वर्षं आषाढी वारीचे फोटो काढले. कृष्णधवल फिल्म १०० फुटांच्या डब्यात घ्यायची, घरी जुन्या कॅसेटींमध्ये भरायची, आणि परत आल्यावर बाथरूममध्ये डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, धुवायची. डेव्हलपर २० अंशांवर लागतो आणि पुण्यात जूनमध्ये नळाला तसं पाणी येत नाही, म्हणून बाहेरच्या टबात बर्फाचे खडे आणि हातात थर्मामीटर. हे सगळं मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. डिजिटलकडे मी कंटाळून आलो नाही.

आलो तो रंगामुळे. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सुलट रंगांचं चित्र येतं ती, धुण्याची ई-६ ही प्रक्रिया लॅबला परवडायची तर रोज पुरेसे रोल यावे लागतात. रसायनं एकदा कालवली की पडून राहून बिघडतात. रोल कमी झाले तशी माझ्या ओळखीच्या लॅबमध्ये ही लाइन आधी आठवड्यातून एकदा चालायला लागली, मग त्याचीही खात्री राहिली नाही.

"ठेवून जा रोल," लॅबवाले काका म्हणाले, "पण कधी धुतला जाईल ते नाही सांगता यायचं. टाकी तापवायची तर तेवढा माल तरी हवा ना! तुम्ही आता कार्डावर काढायला लागा. प्रिंट मी देतो की चांगले."

हे २००९ साली, वारी जवळ आलेली असताना. त्याच जूनमध्ये कोडॅकने ७४ वर्षं चाललेली कोडाक्रोम बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी कधी कोडाक्रोम वापरली नव्हती, पण ती बातमी वाचून पोटात कालवलं हे खरं.

कॅमेरा निवडताना मी एकच गोष्ट धरून बसलो होतो: २८ची लेन्स २८चीच राहिली पाहिजे. स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असतो. निकॉनमध्ये दीड पटीचा फरक पडतो, म्हणजे २८ची लेन्स ४२सारखं, कमी रुंद दृश्य दाखवायला लागते. दिंडीत शिरून, टाळ वाजवणाऱ्या माणसापासून दोन हातांवर उभं राहून फोटो काढायची ज्याला सवय आहे, त्याला हा फरक जाचतो. पावलं मागे घ्यावी लागतात आणि मागे तर दुसरी दिंडी असते. म्हणून ऐपतीच्या बाहेर जाऊन निकॉनचा डी७०० घेतला. त्याचा सेन्सर जवळपास फिल्मच्या फ्रेमएवढाच, २४ बाय ३६ मिलिमीटरचा. शिवाय जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स त्यावर नुसत्या बसत नाहीत तर मीटरही चालतो. मेनूत जाऊन लेन्सची फोकल लेंथ (२८, ५० हा आकडा) आणि सर्वांत मोठं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, भरायचं, की कॅमेरा तिला ओळखतो. तिन्ही लेन्स अशा नोंदवल्या. नव्याकडे जाताना जुन्या लेन्स बरोबर असणं ही माझ्या मते सगळ्यांत मोठी सोय. कोन ओळखीचा, फोकसची कडी फिरवायची दिशा ओळखीची. एका वेळी सगळंच परकं होत नाही.

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. २००९चा जून कोरडा गेला होता. घाटात ढगाची सावली नव्हती. दुपारचं ऊन, काळपट उघडा डोंगर, आणि वळणावळणाने वर येणारी पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि त्यांखाली रापलेले चेहरे. एक्स्पोजरसाठी याहून कठीण प्रसंग शोधून सापडायचा नाही, म्हणून नवा कॅमेरा तिथेच तपासायचा असं मी आधीपासून ठरवलं होतं.

निगेटिव्हवर अशा वेळी मी चेहऱ्यावर मीटर धरायचो आणि वर एक स्टॉप जास्त द्यायचो. धोतर निगेटिव्हवर काळंकुट्ट येतं, पण त्या काळ्यात निऱ्या शाबूत असतात. प्रिंट करताना पुठ्ठ्याला भोक पाडून एन्लार्जरचा (निगेटिव्ह कागदावर मोठी पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश तेवढ्याच भागावर थोडा जास्त वेळ पाडला की कागदावर एकेक निरी उमटायला लागते. निगेटिव्ह फिल्मचा स्वभावच असा आहे. प्रकाश वाढत गेला की तिची प्रतिक्रिया वरच्या टोकाला मंदावते, पण थांबत नाही. सेन्सरचं तसं नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन साठतात, दुप्पट प्रकाशाला दुप्पट, अगदी सरळ हिशोबाने. आणि मर्यादा भरली की त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. तिथे नोंदच नसते, त्यामुळे नंतर काढायला काही उरत नाही.

घाटाच्या एका वळणावर थांबून मी येणाऱ्या प्रत्येक दिंडीचे तीन-तीन फोटो घेत गेलो: एक चेहऱ्यावर मोजून, एक त्याहून एक स्टॉप कमी, एक दोन स्टॉप कमी. घरी मॉनिटरवर ते शेजारी शेजारी लावले. पहिल्यात चेहरा सुरेख, कपाळावरचा बुक्का आणि गोपीचंदनाच्या रेघा स्पष्ट, पण खांद्याखाली धोतर-सदऱ्याच्या जागी कोरा कागद. तिसऱ्यात चेहरा इतका काळा की डोळे दिसेनात, धोतर मात्र पूर्ण: निऱ्या, चुण्या, गुडघ्याजवळ लागलेली धूळ, कडेला नीळ जास्त झाल्याची छटा. मग त्या तिसऱ्याच्या रॉ फाइलमधल्या, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतल्या, सावल्या मी उजळत नेल्या. चेहरा वर आला. आधी डोळे, मग दाढीचे खुंट, मग तुळशीच्या माळेचा एकेक मणी. थोडे रंगीत कण दिसत होते, पण प्रिंटमध्ये ते नाहीसे होतील इतपतच. निगेटिव्हच्या सावलीत एकदा काही नोंदलं गेलं नाही तर ते गेलंच. इथे सावलीत एवढं शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

स्लाइडवर काम केलेल्यांना उजेड सांभाळायची सवय असते आणि मलाही ती होती. पण स्लाइडमध्ये उजेड सांभाळला तर सावल्या मिट्ट काळ्या होतात, आणि ते मान्य करूनच फ्रेम लावायची असते. डिजिटलचा स्वभाव या दोन्हींहून वेगळा निघाला: उजेडाच्या टोकाला स्लाइडसारखा कडक, अंधाराच्या टोकाला निगेटिव्हहूनही उदार. हे लक्षात आल्यावर माझं मोजणं उलटं झालं. आता मीटर चेहऱ्यावर धरत नाही. चौकटीतलं सगळ्यांत उजळ, तपशील हवाच असलेलं पांढरं शोधतो आणि ते काठाच्या जरा आत ठेवतो.

तरी "अंडर ठेवा, नंतर उजळा" हा सल्ला सरसकट घेऊ नये. कॅमेरा १४ बिटची रॉ फाइल देतो, म्हणजे प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या. हिशोब सरळ असल्यामुळे त्यांतल्या निम्म्या, ८,१९२, सगळ्यांत वरच्या एकाच स्टॉपमध्ये जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखाली २,०४८. खाली खाली पायऱ्या इतक्या कमी होतात की तिथलं काही फार उजळलं तर टोन तुटक दिसतो आणि कण वर येतात. म्हणजे फोटो पांढरं उडणार नाही इतका कमी आणि तेवढं सांभाळून शक्य तितका जास्त, असा हवा. ही रेघ बारीक आहे. ती डोळ्यांनी स्क्रीनवर कळत नाही, कारण भर उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरची स्क्रीन काहीही सांगते. हिस्टोग्रामच बघावा लागतो, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं धरून फोटोत कुठला उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख.

आणि हिस्टोग्रामही जपून वाचावा लागतो, हे मला भगव्या पताकांनी शिकवलं. त्याच दिवशीच्या काही फोटोंत धोतरं उत्तम आली होती, आलेख उजव्या काठापासून अंग राखून होता, तरीही पताका सपाट दिसत होत्या. वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडाला घड्या पडतात, सावली पडते, विणीतून ऊन आरपार येतं. त्यातलं काहीच नाही, रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखा भगवा पट्टा. मग तिन्ही रंगांचे आलेख वेगळे करून पाहिले. हिरवा मध्यावर, निळा डावीकडे, आणि लाल उजव्या भिंतीला टेकलेला.

सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६च्या पेटंटमधली मांडणीच अजून बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. एकत्रित आलेख काढताना हिरव्याला सगळ्यांत जास्त वजन मिळतं, कारण आपल्या डोळ्यालाही उजेड त्याच पट्ट्यात जास्त जाणवतो. भगव्यात लाल खूप आणि बाकीचे कमी. त्यामुळे लाल भरून वाहतो आणि एकत्रित आलेखात त्याचा पत्ता लागत नाही. झेंडूचे हार, हळद, कुंकू, लाल लुगडी, सगळ्यांना हेच लागू. आपल्याकडच्या उत्सवांचे फोटो काढणाऱ्याने तीन रंगांचे वेगळे आलेख बघायची सवय लावून घ्यावी असं मी आग्रहाने सांगतो. आणखी एक: हा आलेख कॅमेरा रॉवरून काढत नाही, आतल्या आत बनवलेल्या जेपेगवरून काढतो. रंग भडक करणारी सेटिंग लावलेली असेल तर आलेख लवकर भिंतीला टेकतो. म्हणून मी पिक्चर कंट्रोल ही ती सेटिंग न्यूट्रलवर ठेवतो. स्क्रीनवर फोटो मवाळ दिसतो, पण आलेख सत्याच्या जवळ असतो.

रंगाच्या बाबतीत दुसरा निर्णय व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कुठल्या प्रकाशाला पांढरं धरायचं याचा. बहुतेक रंगीत फिल्म दिवसाच्या, ५५०० केल्विनच्या आसपासच्या प्रकाशासाठी बनवलेली असते. ट्यूबखाली ती हिरवट व्हायची, पिवळ्या बल्बखाली नारिंगी, आणि ते टाळायला फिल्टर लावला तर आधीच अपुऱ्या प्रकाशातला निम्म्याहून अधिक त्या काचेत जायचा. डिजिटलने ती अडचण पूर्ण संपवली. पण ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवून कीर्तनाच्या तंबूत फोटो काढले तर कॅमेरा पिवळा दिवा पांढरा करायला बघतो. तंबूतली ती ऊब, बुवांच्या फेट्यावर पडलेला मधाळ उजेड, बाहेरच्या निळ्या संध्याकाळीशी असलेला त्याचा फरक, सगळं धुऊन जातं. मी व्हाइट बॅलन्स भर उन्हाच्या खुणेवर कायमचा लावून टाकला. फिल्मसारखाच एक ठाम आधार मिळाला. पिवळं पिवळं येतं, निळं निळं येतं, आणि जिथे फारच झालं तिथे रॉमध्ये पाऊल-अर्धं पाऊल मागे येता येतं. प्रत्येक फोटो "बरोबर" रंगाचा करण्यापेक्षा हे मला खरं वाटतं.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी फिल्मचं नाव काढणार नाही. लोणंद, तरडगाव, फलटण इथल्या मुक्कामांत रात्री काय काय चाललेलं असतं! ट्रकच्या आडोशाला पेटलेली चूल, पिठाने भरलेले हात, पाय चेपून घेणारी म्हातारी माणसं, एकाच बल्बखाली रंगलेलं भजन. फिल्मवर हे मी टिपायचो ते ट्राय-एक्स १६००पर्यंत पुश करून (वेग जास्त धरून, नंतर जास्त वेळ धुऊन), म्हणजे कृष्णधवलच, आणि सावल्यांमध्ये काही नाही. डी७००वर आयएसओ (फिल्मच्या वेगासारखाच आकडा) ३२००, ॲपर्चर एफ २.८, साठांश सेकंद, आणि फोटो रंगीत. चुलीच्या जाळाने एका बाजूने लाल झालेला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला चांदण्यासारखा पडलेला दूरच्या ट्यूबचा निळसर हिरवा प्रकाश, हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहत होतो. फोटोत ते पहिल्यांदा आलं. वारीचा दिवस खूप लोकांनी टिपलाय. तिची रात्र रंगांत टिपता येणं हे या कॅमेऱ्याने मला दिलेलं सगळ्यांत मोठं देणं.

फोकसशी जमवून घ्यायला त्यामानाने जास्त दिवस लागले. एफएम२च्या दुभंगलेल्या वर्तुळात दोन तुकडे जुळले की फोकस झाला, यात शंका उरत नाही. डी७००मध्ये ते वर्तुळ नाही. फोकस जमला की कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर होतो, पण ठिपका बघायचा की चेहरा? त्यात अशा कॅमेऱ्यांच्या फोकसिंग स्क्रीन उजळ असाव्यात म्हणून अशा घडवलेल्या असतात की ५०ची लेन्स १.८वर उघडी असली तरी तिची उथळ खोली, म्हणजे फोकसमध्ये राहणारा अंतराचा अरुंद पट्टा, होता तसा दिसत नाही. सगळं असल्यापेक्षा जास्त स्पष्ट भासतं. भरीला मॉनिटरवर शंभर टक्के मोठं करून बघायची सोय. १२ मेगापिक्सेलची फाइल, ४,२५६ बाय २,८३२, त्या मोठेपणाला पाहणं म्हणजे भिंतीएवढा प्रिंट नाक लावून पाहणं. फिल्मच्या ग्रेनमध्ये जो बारीक मऊपणा सामावून जायचा तो इथे उघडा पडतो. उपाय साधे निघाले: गर्दीत एफ ५.६ किंवा ८, अंतर आधीच लावून ठेवलेलं, आणि उघड्या ॲपर्चरला दोन-तीन फ्रेम, श्वासागणिक किंचित पुढेमागे. शंभर टक्क्यांवर बघणं मी फक्त प्रिंटसाठी निवडलेल्या फोटोंपुरतं ठेवलंय.

रिंगणात लोक हमखास विचारतात की या कॅमेऱ्यावर सेकंदाला पाच फ्रेम मिळतात, मग घोडा सुटायचा प्रश्नच कुठे? सदाशिवनगरच्या गोल रिंगणात मी हे करून पाहिलं. दौडणारा अश्व सेकंदाला दहाएक मीटर सहज जातो. पाच फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये तो दोन मीटर पुढे गेलेला. हवेत चारही पाय, मान ताणलेली आणि मागे हात जोडून उभी असलेली माणसं, हे तिन्ही जुळतं तो क्षण त्या दोन मीटरांत कुठेही असू शकतो. त्यामुळे बोट कधी दाबायचं हे अजूनही आपल्याच हातात आहे. मी जागा ठरवून, १०५वर अंतर लावून, पूर्वीसारखाच एक फ्रेम घेतो. बदललं ते एवढंच की टापा विरल्या आणि त्या मातीसाठी लोकांची झुंबड उडाली, की पुढचे फोटो काढायला रोल शिल्लक आहे का ही धास्ती नसते. बत्तिसाव्या फ्रेमनंतर हात आखडायचा, पावसात छत्रीखाली वाकून रोल बदलायचा, आणि नेमकं तेव्हाच समोर काहीतरी घडायचं. ते गेलं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनने माणसांशी असलेलं नातंही बदललं, आणि मला यावर ठाम मत बनवायला लागलं. फिल्मच्या दिवसांत लोक म्हणायचे, "फोटो पाठवाल ना?" आणि चिठ्ठीवर गाव, पोस्ट, तालुका लिहून द्यायचे. आता फोटो काढला की पाच-सहा जण जवळ येतात.

"दावा की माउली, कसा आलाय."

दाखवला की चेहरे फुलतात, एकमेकांना कोपरखळ्या बसतात. एका आजींनी डोक्यावरचं तुळशी वृंदावन उतरवून, पदराने स्क्रीन पुसून फोटो पाहिला. "ह्यो म्या हाय व्हय?" म्हणाल्या, आणि हातातला राजगिऱ्याचा लाडू मला दिला. ह्या आनंदाला मी नाही म्हणू शकत नाही. पण त्यानंतरचे फोटो वेगळे येतात हेही खरं. माणसं ताठ उभी राहतात, टाळ थांबतो, अभंग तुटतो. म्हणून दिंडी चालत असताना मी फोटो दाखवत नाही आणि स्वतःही आलेख सोडून काही पाहत नाही. विसावा झाला, बूड टेकलं, की मग सगळे मिळून बघतो. चिठ्ठ्या मी अजूनही घेतो. स्क्रीनवर पाहिलेला फोटो त्यांच्या घरात राहत नाही, पोस्टाने गेलेला राहतो.

स्वतःचे फोटो त्याच रात्री न पाहण्याचाही मला उपयोग झाला. फिल्म धुऊन हातात येईपर्यंत मध्ये वेळ जायचा आणि तेवढ्यात "हा काढताना किती धडपड झाली" ही आठवण पुसट व्हायची. उरायचा तो फक्त फोटो. संगणकावर तो वेळ आपणच ठेवावा लागतो. फाइली उतरवायच्या, दुसऱ्या डिस्कवर प्रत करायची, दोन्ही उघडून खात्री करायची आणि बंद करायचं. निवड नंतर. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्खा रोल छोट्या आकारात छापलेल्या कागदावर, भिंग लावून लाल पेन्सिलीने खुणा करताना ३६मधून एक-दोन निवडायचो. तोच कडकपणा शेकड्यांमध्ये ठेवायचा तर फाइली छोट्या आकारात एकत्र मांडून बघाव्या लागतात. मोठा करून पाहिला की कुठलाही फोटो बरा वाटायला लागतो.

धुळीचं मला अप्रूप वाटलं. फिल्ममध्ये प्रत्येक फोटोला नवी कोरी जागा मिळते, त्यामुळे एका फ्रेमवर बसलेला कण दुसऱ्यावर येत नाही. सेन्सर एकच. घाटात लेन्स बदलली आणि कण आत गेला की पुढच्या प्रत्येक आकाशात तो त्याच जागी. एफ १६ला ठळक, एफ ४ला अदृश्य. आता गर्दीत लेन्स बदलायचीच असेल तर कॅमेऱ्याचं तोंड खाली, आणि मुक्कामाला पोचल्यावर हवेचा फुगा.

एक फायदा मी आधी गृहीतच धरला नव्हता. पूर्वी वहीत फ्रेमचा नंबर, ॲपर्चर, शटर लिहायचो आणि गर्दीत ते निम्मं राहून जायचं. फाइलमध्ये ते आपोआप नोंदलं जातं. वर्षभराच्या नोंदी एकत्र काढल्यावर दिसलं की माझे निवडलेले बहुतेक फोटो २८वर आणि एफ ८वर आहेत. १०५ची लेन्स मी खांद्यावर वागवत होतो ती जवळजवळ रिंगणापुरतीच. आता रिंगण नसेल त्या दिवशी ती घरी राहते.

डिजिटल आणि फिल्म यांचा खरा मेळ बसला तो निगेटिव्हांच्या प्रती काढायला लागल्यावर. पुण्यातल्या पावसाळी हवेत जुन्या निगेटिव्हांवर बुरशी धरायला लागली होती. ५५ मिलिमीटरची जुनी मायक्रो लेन्स आणली. ती एकटी असता वस्तू अर्ध्या आकारात टिपते, मध्ये एक्स्टेन्शन रिंग घातली की पूर्ण आकारात. लाइटबॉक्सवर निगेटिव्ह, वर स्टँडला उलटा टांगलेला डी७००, एफ ८, कॅमेऱ्यातला आरसा आधी वर करून ठेवलेला, खोलीतले दिवे बंद. पहिल्याच निगेटिव्हचा आलेख पाहून मी थबकलो. दिवे घाटातलं तेच ऊन, तीच पांढरी धोतरं, आणि आलेख मधल्या मध्ये, दोन्ही भिंतींपासून लांब. बाहेरच्या आठ-नऊ स्टॉपचा प्रकाश फिल्मने आवळून निगेटिव्हच्या चार-पाच स्टॉपमध्ये बसवला होता. जे काम मी आता स्वतः करतो, उजेड आवरणं आणि सावली उचलणं, ते फिल्म आणि डी-७६ मिळून माझ्यासाठी गुपचूप करत होते. डेव्हलपर किती मिनिटं ठेवायचा यावर ते आवळणं कमीजास्त होतं. हे मी पूर्वी वाचलेलं, पाळलेलंही. आलेखात मोजमाप म्हणून आता पाहिलं. त्यानंतर रॉ फाइलमधला टोनचा वक्र ओढताना मला अंदाजाने हात मारावा लागत नाही. निगेटिव्हची प्रत शेजारी उघडून ठेवतो आणि धोतर तिथे कुठल्या करड्यावर आहे ते पाहतो.

कृष्णधवल निगेटिव्हांचं काम बरंचसं उरकलंय. रंगीतला अडचण आहे ती नारिंगी झाकेची. रंगद्रव्यांतल्या अशुद्धीची भरपाई म्हणून ती फिल्ममध्ये मुद्दाम घातलेली असते, आणि तिच्यामुळे निळ्याचा आलेख डावीकडे दबून राहतो. लाइटबॉक्सवर फिकट निळं जेल पसरून पाहतोय, म्हणजे तिन्ही आलेख एका रांगेत येतील. सध्या फलटणच्या मुक्कामाचे रोल काढलेत. त्यांत पताका बऱ्याच आहेत, आणि लाल अजून कुठे भिंतीला टेकलेला नाही.